चारा गवताच्या बीजोत्पादनात नत्राचे व्यवस्थापन: किती, केव्हा आणि कसे द्यावे

चाऱ्यासाठी गवत वाढवणारा शेतकरी ज्या पिकाकडे पाहून समाधान मानतो, तेच पीक बियाण्याच्या शेतात काळजीचे कारण ठरते. गर्द हिरवी रुंद पाने, गच्च दाटी आणि गुडघ्याच्या वर गेलेला पाला पाहून खत लागू पडले असे वाटते; पण फुलोऱ्याच्या वेळी पहिल्याच जोरदार पावसात असे पीक आडवे होते. खालच्या थरातील लोंब्यांना हवा व प्रकाश मिळत नाही, परागकण नीट फिरत नाहीत आणि मळणीच्या वेळी पेंढ्याचा डोंगर व पोचट बियांचा ढीग हाती येतो. याउलट नत्र अपुरे पडले तर पीक उभे राहते खरे, पण लोंब्या विरळ आणि आखूड निघतात. या दोन टोकांच्या मधली वाट नुसती मात्रा मोजून सापडत नाही. नत्र कोणत्या फुटव्याच्या कोणत्या अवस्थेला मिळाले यावर बरेच काही ठरते, म्हणून या लेखात मात्रेइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, भर वेळेवर दिला आहे.

बी कोठून येते

गवताच्या एका चौरस मीटरमध्ये शेकडो, काही वेळा हजारो फुटवे असतात, पण त्यांतील काहीच फुटव्यांना लोंबी येते. बाकीचे पाने वाढवतात, सावलीत पिवळे पडतात किंवा पुढच्या हंगामासाठी मागे राहतात. बियाण्याचे उत्पादन हे लोंबी धरणाऱ्या फुटव्यांची संख्या, प्रत्येक लोंबीतील कणिशकांची (फुलांच्या लहान गुच्छांची) संख्या, प्रत्येक कणिशकातील फुले, त्या फुलांपैकी भरलेले दाणे आणि दाण्याचे वजन यांच्या गुणाकारातून तयार होते. हे घटक एकामागून एक ठरत जातात. फुटव्यांची संख्या आधी ठरते, कणिशके वाढबिंदू, म्हणजे फुटव्याच्या आतला वाढणारा कोंब, फुलोऱ्याकडे वळतो त्या सुमारास ठरतात, फुले त्यानंतर आणि दाण्याचे वजन सर्वांत शेवटी. ज्या घटकाची वेळ निघून गेली तो नंतर कितीही खत घालून वाढवता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गवतात जेवढी फुले येतात त्यांतील मोठा भाग काढणीयोग्य बी होतच नाही. काही फुलांत फळधारणा होत नाही, काही दाणे अर्धवट भरून थांबतात आणि काही पक्व होऊन जमिनीवर गळतात. त्यामुळे फुलांची संख्या वाढवण्यासाठी नत्र ओतत राहण्यापेक्षा, आलेली फुले उभ्या पिकात नीट भरतील आणि एकाच वेळी पिकतील अशी व्यवस्था करणे अधिक फायद्याचे असते.

पहिली पायरी: आपले गवत कोणत्या गटातले आहे ते ठरवणे

खताचे वेळापत्रक गवताच्या स्वभावावर अवलंबून असते आणि येथे दोन मोठे गट पडतात. बहुवर्षायु रायग्रास, टॉल फेस्क्यू, ऑर्चर्ड गवत आणि ब्रोम ही थंड हवामानाची गवते आहेत. त्यांच्या फुटव्यांना लोंबी धरण्यासाठी आधी थंडीचा व लहान दिवसांचा काळ लागतो आणि नंतर वाढत्या दिवसांचा. याचा व्यावहारिक अर्थ असा की, पुढच्या उन्हाळ्यात ज्या फुटव्यांना लोंबी येणार आहे त्यांपैकी बहुतेक फुटवे शरद ऋतूत व हिवाळ्याच्या सुरुवातीलाच निघालेले असावे लागतात. वसंतात उशिरा निघालेल्या फुटव्याला थंडी मिळालेली नसते, म्हणून त्याला कितीही खत दिले तरी तो पानच देतो. टिमोथी या नियमाला अपवाद आहे. त्याला थंडीची तशी सक्त गरज नसते, मोठा दिवस मिळाला की वसंतात निघालेले फुटवेही लोंबी धरतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत शरदातील नत्राला फारसे महत्त्व राहत नाही.

दुसरा गट उष्ण कटिबंधातील गवतांचा आहे. गिनी गवत, ऱ्होड्स गवत, ब्रॅकियारिया, अंजन, सेटारिया अशा गवतांना थंडी लागत नाही. पाणी, ऊब आणि नत्र मिळाले की ती फुटवे काढत राहतात आणि लोंब्याही टप्प्याटप्प्याने काढत राहतात. हीच त्यांची अडचण आहे, कारण एका लोंबीचे बी गळून गेलेले असते तेव्हा दुसरी लोंबी पोटरीतून, म्हणजे तिला झाकणाऱ्या पानाच्या फुगीर वेष्टणातून, बाहेर येत असते. कोणत्याही एका दिवशी कापणी केली तरी एकूण बियांचा थोडाच भाग हाती लागतो. या गवतांत नत्राचे खरे काम सगळे फुटवे एकदम उठवणे हे आहे.

दुसरी पायरी: जमीन स्वतः किती देणार आहे ते मोजणे

खताची मात्रा ठरवण्याआधी जमिनीतील उपलब्ध नत्र मोजावे. यासाठी मुख्य वरखत (उभ्या पिकाला वरून द्यायचे खत) देण्याच्या दोन-तीन आठवडे आधी ० ते ३० सेंटीमीटर खोलीतून, आणि शक्य असेल तेथे ३० ते ६० सेंटीमीटर खोलीतूनही, शेताच्या निदान पंधरा-वीस ठिकाणांहून माती घ्यावी. जनावरे बसण्याची जागा, शेणखताचा जुना ढीग, बांधाकडेची पट्टी आणि पाणी साचणारा खोलगट भाग वगळावा. नमुना थंड ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवावा, कारण उबेत ठेवलेल्या ओल्या मातीत जिवाणूंचे काम चालूच राहते आणि नायट्रेटचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

अहवालात खनिज नत्र, म्हणजे नायट्रेट व अमोनियम मिळून, किलोमागे मिलिग्रॅममध्ये दिलेले असते. ते हेक्टरी किलोत बदलण्यासाठी थोडे गणित करावे लागते. मातीची घनता घन सेंटीमीटरला १.३ ग्रॅम धरली तर ३० सेंटीमीटर थरात हेक्टरी सुमारे ३९ लाख किलो माती असते. म्हणून किलोमागे १ मिलिग्रॅम म्हणजे हेक्टरी ३.९ किलो नत्र. अहवालात १२ मिलिग्रॅम आले असतील तर त्या थरात सुमारे ४७ किलो नत्र पिकाच्या हाताशी आधीच आहे.

मात्र हा आकडा त्या दिवसाचा आहे. पुढच्या दोन-तीन महिन्यांत सेंद्रिय पदार्थ कुजून जे नत्र सुटेल ते यात येत नाही. आधी क्लोव्हर, लसूणघास किंवा अन्य द्विदल पीक होते का, गेल्या वर्षी शेणखत किंवा स्लरी दिली होती का, कुरण मोडून बी पेरले आहे का, हे प्रश्न स्वतःला विचारून मात्रा खाली आणावी. उलट बाजूने, मागील काढणीचा पेंढा शेतातच बारीक करून पसरला असेल तर सुरुवातीला काही काळ नत्र अडकून राहते. गवताच्या पेंढ्यात कर्बाचे प्रमाण नत्राच्या मानाने फार जास्त असते, त्यामुळे तो कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी मातीतले नत्र उचलतात. हे नत्र नष्ट होत नाही, पण ज्या शरदात नव्या फुटव्यांना त्याची गरज असते त्याच वेळी ते त्यांना मिळत नाही.

जुन्या ब्रोमच्या शेतात हा प्रकार ठळकपणे दिसतो. काही वर्षांनी मुळ्या व भूमिगत खोडांचे घट्ट जाळे तयार होते, पीक फिकट व खुजे राहते आणि लोंब्या कमी येतात. शेत म्हातारे झाले असे समजून ते मोडण्याचा विचार होतो, पण अनेकदा मूळ कारण नत्राची उपासमार हेच असते, कारण मुळ्यांच्या त्या जाळ्यात नत्र बांधले गेलेले असते. अशा शेतात मात्रा वाढवून पाहावी आणि मगच मोडण्याचा निर्णय घ्यावा.

तिसरी पायरी: मात्रा ठरवणे

न्यूझीलंडमधील बहुवर्षायु रायग्रासच्या चाचण्यांतून एक उपयुक्त पद्धत पुढे आली आहे. तेथे खताचे नत्र वेगळे न धरता जमिनीतील खनिज नत्र आणि खताचे नत्र यांची बेरीज पाहिली जाते, आणि ही बेरीज हेक्टरी १८५ किलोच्या आसपास असताना बियाण्याचे उत्पादन सर्वांत चांगले मिळाल्याचे आढळले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या विलमेट खोऱ्यात, जेथे गवताचे बी हे मोठे पीक आहे, बहुवर्षायु रायग्रास व टॉल फेस्क्यूसाठी वसंतातील मात्रा साधारणपणे हेक्टरी ११० ते १८० किलो नत्राच्या दरम्यान ठेवली जाते. हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. जेथे पाऊस, जमीन आणि उत्पादनाची अपेक्षा वेगळी आहे तेथे ते सुरुवातीचा अंदाज म्हणूनच वापरावेत.

उष्ण कटिबंधातील जोमदार, ठोंबाने वाढणाऱ्या गवतांना, विशेषतः गिनी व ऱ्होड्स गवताला, पाणी खात्रीचे असेल तर एका बियाणे पिकासाठी हेक्टरी १०० किलोच्या आसपास नत्र हा चांगला आरंभबिंदू आहे. कमी पावसाच्या, हलक्या जमिनीवरील अंजनासारख्या गवताला एवढे नत्र वापरताच येत नाही, तेथे ३० ते ६० किलो पुरेसे असते. नव्या लागवडीच्या पहिल्या पिकाला, विशेषतः कुरण मोडून केलेल्या शेतात, मात्रा कमी ठेवावी आणि शेत जुने होत जाईल तशी वाढवावी.

वरच्या उदाहरणाचे गणित पूर्ण करू. रायग्रासच्या शेतात एकूण पुरवठा १८० किलो ठेवायचा आहे आणि जमिनीत ४७ किलो आहेत. म्हणजे खतातून १३३ किलो नत्र द्यायचे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून १३३ ला ०.४६ ने भागले की हेक्टरी २८९ किलो युरिया येतो.

येथे एक विचार करण्याजोगी बाब आहे. गवताच्या बियात साधारण २ टक्के नत्र असते, म्हणजे हेक्टरी १,५०० किलो बी काढले तरी त्यातून सुमारे ३० किलो नत्रच शेताबाहेर जाते. बाकीचे नत्र पेंढ्यात, मुळ्यांत आणि मातीत असते किंवा वाया गेलेले असते. त्यामुळे बियात जाणाऱ्या नत्राचा हिशेब करून मात्रा काढण्याची पद्धत येथे चालत नाही. आपण हे नत्र ते बी धरणारा सांगाडा, म्हणजे फुटवे, पाने आणि लोंब्या, उभारण्यासाठी देत असतो.

चौथी पायरी: वेळ साधणे

थंड हवामानाच्या गवतांत पहिला छोटा हप्ता काढणीनंतरच्या फुटव्यांसाठी शरदात द्यावा. तो हेक्टरी २० ते ४० किलो नत्राहून जास्त नसावा. उद्देश एवढाच की काढणीने थकलेल्या ठोंबातून निरोगी फुटवे निघून ते हिवाळ्यापूर्वी पुरेसे मोठे व्हावेत. शरदात जास्त नत्र दिले तर पाला माजतो, थंडीत तो सडतो, आणि हिवाळ्यातील पावसाबरोबर उरलेले नायट्रेट मुळांच्या खाली निघून जाते. ब्रोम व ऑर्चर्ड गवतासारख्या, शरदातील फुटव्यांवर अधिक विसंबणाऱ्या गवतांना हा हप्ता टाळू नये. जमिनीत आधीच भरपूर नत्र असेल, तर मात्र तो निःसंकोच गाळावा.

मुख्य मात्रेची वेळ दिनदर्शिकेवरून ठरवण्यापेक्षा पिकाला विचारून ठरवावी, आणि हे विचारणे फार अवघड नाही. हिवाळा सरताना दर आठवड्याला शेताच्या वेगवेगळ्या भागांतून दहा-बारा मोठे फुटवे मुळासकट उपटावेत. बाहेरची पाने एकेक करून सोलावीत आणि बुंध्याकडचा बोटभर भाग धारदार पात्याने उभा चिरावा. दहापट किंवा वीसपट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली, अगदी तळाशी, टाचणीच्या टोकाएवढा चकचकीत वाढबिंदू दिसतो. तो गुळगुळीत घुमटासारखा आणि बाजूला एकेरी वळ्या असलेला दिसला, तर फुटवा अजून पानांच्याच कामात आहे. त्या वळ्या जोडीजोडीने दिसू लागल्या, जणू एका वळीच्या वर दुसरी फुगली आहे, तर वाढबिंदू फुलोऱ्याकडे वळला असे समजावे. यानंतर काही दिवसांतच कांडी धरायला सुरुवात होते आणि खोडावरून बोट फिरवले असता पहिले पेर कडक गाठीसारखे लागते.

जोडवळ्या दिसू लागल्यापासून पहिले पेर हाताला लागेपर्यंतचा हा काळ मुख्य नत्रासाठी सर्वांत मोलाचा आहे. सगळी मात्रा एका वेळी न देता दोन हप्ते करावेत, असे माझे मत आहे, कारण वसंतातील पाऊस कसा पडेल हे कोणाच्या हाती नसते आणि दुसरा हप्ता पिकाची अवस्था पाहून कमी-जास्त करता येतो. आपल्या उदाहरणात पहिला हप्ता जोडवळ्यांच्या सुमारास ५३ किलो नत्राचा, म्हणजे ११५ किलो युरियाचा, आणि दुसरा तीन-चार आठवड्यांनी, कांडी वाढत असताना, ८० किलो नत्राचा, म्हणजे १७४ किलो युरियाचा द्यावा. पोटरी अवस्थेच्या आत दुसरा हप्ता संपलेला असावा. लोंब्या बाहेर आल्यावर दिलेले नत्र बियाण्यात फारच थोडे उतरते. त्याने खालून नवे वांझ फुटवे उठतात, काढणीच्या वेळी पीक हिरवे राहते आणि मळणीत ओला पाला बियाण्यात मिसळतो.

ज्या शेतात वसंतात जनावरे चारली जातात तेथे चराई थांबवण्याची तारीख आणि नत्राची तारीख एकमेकींना बांधून घ्यावी. वाढबिंदू जमिनीलगत असेपर्यंत तो चराईतून वाचतो. कांडी वाढून तो वर आला आणि मग जनावराने किंवा विळ्याने त्याला खुडले, तर तो फुटवा संपला आणि त्याला दिलेले खतही वाया गेले. म्हणून चराई बंद करावी आणि त्यानंतर लगेच मुख्य नत्र द्यावे.

उष्ण गवतांत: सफाई कापणी आणि एकच हप्ता

उष्ण कटिबंधातील गवतांत पायाभूत काम आहे ते सफाई कापणीचे. सगळे शेत एकाच उंचीवर, पसरणाऱ्या गवतात साधारण १० ते १५ सेंटीमीटर आणि ठोंबाच्या गवतात थोडे वर, कापून कापलेला पाला शेताबाहेर न्यावा. तो शेतात राहिला तर त्याखालचे ठोंब उशिरा फुटतात आणि ज्या एकसारखेपणासाठी कापणी केली तोच बिघडतो. कापणीनंतर काही दिवसांत, जमिनीत वाफसा असताना किंवा पाणी देण्याच्या लगेच आधी, संपूर्ण नत्र एकाच हप्त्यात द्यावे.

थंड गवतांत हप्ते करण्याचा सल्ला दिला आणि येथे एकच हप्ता सुचवला, याचे कारण फुटव्यांच्या स्वभावात आहे. या गवतांत प्रत्येक नव्या हप्त्याबरोबर फुटव्यांची नवी पिढी उठते. दोन हप्ते म्हणजे दोन पिढ्या, दोन फुलोरे आणि कापणीच्या दिवशी अर्धे बी गळलेले व अर्धे दुधाळ. अगदी वालुकामय, पाणी न धरणाऱ्या जमिनीत मुसळधार पावसाने नत्र वाहून जाण्याचा धोका मोठा असेल, तरच दुसरा हप्ता द्यावा आणि तोही पहिल्यानंतर दोन-तीन आठवड्यांच्या आत.

गिनी गवताचे व ऱ्होड्स गवताचे काही वाण लहान दिवसांतच फुलतात. अशा वाणांत फुलोऱ्याची वेळ जवळजवळ ठरलेली असते, त्यामुळे सफाई कापणीची तारीख तेथून मागे मोजत ठरवावी. फुटवे पुरेसे जून होण्याइतका, साधारण सहा ते आठ आठवड्यांचा, अवधी मिळाला पाहिजे. कापणी फार लवकर केली तर फुलोरा येईपर्यंत पीक उंच होऊन लोळते आणि फार उशिरा केली तर फुटवे कोवळे असतानाच दिवस लहान होतात व लोंब्या आखूड राहतात.

पाचवी पायरी: खताचा प्रकार निवडणे आणि नत्र वाचवणे

युरिया सर्वांत जास्त वापरला जातो आणि गवताच्या शेतात तोच सर्वांत जास्त वायाही जातो. युरियाचा दाणा ओलावा लागताच विरघळतो. मातीत आणि त्याहून अधिक जुन्या पाल्यावर असलेले युरिएज हे विकर त्याचे अमोनियात रूपांतर करते. त्या दाण्याभोवतीचा सामू (पीएच) काही काळ ९ च्या आसपास जातो आणि अमोनिया वायूरूपाने उडून जातो. नांगरलेल्या शेतात युरिया मातीत मिसळता येतो, पण बहुवर्षायु गवतात तो वरच पडून राहतो आणि खाली पाल्याचा थर असतो, म्हणून येथे धोका अधिक आहे. उबदार, दमट, पण पाऊस न पडणारे दिवस यासाठी सर्वांत वाईट. दव पडलेल्या ओल्या गवतावर युरिया टाकून दिवसभर ऊन पडले की नुकसान ठरलेले असते.

यावर सर्वांत खात्रीचा उपाय पाणी आहे. युरिया टाकल्यानंतर एक-दोन दिवसांत १० ते १५ मिलिमीटर पाऊस किंवा सिंचन मिळाले तर तो मुळांजवळ जातो. नुसती रिमझिम उलट घातक असते, कारण ती दाणा विरघळवते पण खाली नेत नाही. पाण्याची शाश्वती नसेल तर युरिएजचा वेग कमी करणाऱ्या एनबीपीटीसारख्या पदार्थाचा लेप असलेला युरिया घ्यावा, ज्यामुळे पावसाची वाट पाहायला आठवडाभर तरी सवड मिळते. अथवा कॅल्शियम अमोनियम नायट्रेट निवडावे, ज्यातून अमोनिया फारच कमी उडतो. पाणी साचणाऱ्या चिकण जमिनीत मात्र नायट्रेटयुक्त खत टाळावे, कारण हवा न मिळालेल्या मातीत जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपात निघून जाते. हळूहळू नत्र सोडणारी खते चाऱ्यासाठी ठीक आहेत, पण बियाण्यासाठी मी ती सुचवणार नाही. त्यांचे उशिरा सुटणारे नत्र नेमके त्या काळात येते ज्या काळात आपल्याला ते नको असते.

गंधक कमी असेल तर नत्राचा पूर्ण उपयोग होत नाही, आणि हलक्या, कमी सेंद्रिय कर्बाच्या जमिनीत हा दोष वारंवार आढळतो. नत्राच्या कमतरतेत खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात, तर गंधकाच्या कमतरतेत कोवळी पाने फिकट होतात, एवढा फरक पाहता आला तरी बराच घोटाळा टळतो. पहिल्या हप्त्यात हेक्टरी ८३ किलो अमोनियम सल्फेट दिल्यास सुमारे २० किलो गंधक व १७ किलो नत्र मिळते; तेवढे नत्र युरियातून वजा करावे. स्फुरद व पालाश माती परीक्षणानुसार द्यावे. पेंढा दरवर्षी शेताबाहेर जात असेल तर पालाशाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ते पेंढ्याबरोबरच मोठ्या प्रमाणात जाते.

सहावी पायरी: खत सारखे पसरवणे

चाऱ्याच्या शेतात खत थोडे कमी-जास्त पडले तरी चालून जाते. बियाण्याच्या शेतात जेथे जास्त पडले तेथे पीक लोळते व उशिरा पिकते, जेथे कमी पडले तेथे लवकर पिकून गळते, आणि कापणीची एकच तारीख ठरवणे अशक्य होते. म्हणून यंत्राने किंवा हाताने, कसेही टाकायचे असले तरी आधी चाचणी घ्यावी.

५० सेंटीमीटर लांब व तेवढेच रुंद, काठाचे सात-आठ ट्रे यंत्राच्या मार्गाला आडवे, सारख्या अंतरावर मांडावेत. दाणे उसळून बाहेर जाऊ नयेत म्हणून तळाशी जाळी किंवा फडके ठेवावे. अशा एका ट्रेचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर असते. हेक्टरी १७४ किलो म्हणजे चौरस मीटरला १७.४ ग्रॅम, म्हणून शेजारच्या फेऱ्याही पूर्ण झाल्यावर प्रत्येक ट्रेमध्ये ४.३५ ग्रॅमच्या आसपास युरिया पडायला हवा. दहाव्या भागापर्यंतचा फरक चालवून घ्यावा. कडेच्या ट्रेमध्ये निम्मेच पडत असेल तर फेऱ्यांमधले अंतर कमी करावे. हाताने टाकणाऱ्याने शेताचे समान वाफे पाडून प्रत्येक वाफ्याचे खत वेगळे तोलावे आणि ते दोन भागांत, एकदा उभे व एकदा आडवे, टाकावे.

सातवी पायरी: पीक उभे ठेवणे

फुलोऱ्याच्या आधी किंवा फुलोऱ्यात पीक लोळणे सर्वांत नुकसानकारक असते. दाणे भरत आल्यावर थोडे कलणे तितके वाईट नाही. उलट हलके कललेले पीक वाऱ्याने कमी झडते. रायग्रास व फेस्क्यूमध्ये ट्रायनेक्सापॅक-इथाइल हे वाढ नियंत्रक अनेक देशांत वापरले जाते. ते कांडीची लांबी कमी करते आणि त्यामुळे पुरेसे नत्र देऊनही पीक उभे राहते. आपल्या भागात त्या पिकासाठी त्याला मान्यता आहे का, मात्रा किती आणि फवारलेला पेंढा जनावरांना घालता येतो का, हे लेबलवर वाचूनच वापरावे. वाढ नियंत्रक हाताशी आहे म्हणून नत्र वाढवण्याचा मोह मात्र होऊ देऊ नये, कारण बियाण्याचे उत्पादन एका मर्यादेनंतर वाढतच नाही.

कांडी धरल्यापासून दाणे भरेपर्यंत पाण्याचा ताण पडू देऊ नये. कोरड्या जमिनीत खत असूनही मुळे ते घेऊ शकत नाहीत, आणि नंतर पाणी मिळाले की ते नत्र उशिरा, चुकीच्या वेळी कामाला लागते.

शेतात दोन पट्ट्या राखणे

मला सर्वांत उपयोगी वाटणारी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी गोष्ट म्हणजे तुलनेच्या पट्ट्या. मुख्य वरखत देताना यंत्राच्या रुंदीची एक पट्टी पूर्ण बिनखताची ठेवावी आणि तिच्या शेजारी दुसरी पट्टी दीडपट मात्रेची. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी तिन्ही भाग शेजारी शेजारी पाहावेत. बिनखताची पट्टी बाकीच्या शेताइतकीच हिरवी व दाट दिसत असेल, तर जमीन अपेक्षेपेक्षा जास्त देते आहे आणि दुसरा हप्ता कमी करावा किंवा सोडावा. दीडपटीची पट्टी स्पष्टपणे अधिक दाट दिसत असेल तर आपली मात्रा कमी पडली आहे.

लोंब्या पूर्ण बाहेर आल्यावर प्रत्येक पट्टीत अर्धा मीटर बाजूची चौकट चार ठिकाणी टाकून लोंब्या मोजाव्यात आणि कापणीच्या आधी तेवढ्याच जागेचे बी हाताने काढून, उफणून, वेगवेगळे तोलावे. उफणल्यावर भरीव बी किती उरले हे अवश्य पाहावे, कारण दीडपटीच्या पट्टीत कच्चे वजन जास्त आणि स्वच्छ बी कमी असे चित्र पुष्कळदा दिसते. अशी नोंद तीन वर्षे ठेवली की आपल्या जमिनीसाठी योग्य मात्रा दुसऱ्या कोणाला विचारावी लागत नाही.

काढणीनंतर

काढणी होताच जमिनीतील उरलेले नायट्रेट एकदा तपासावे. ते जास्त निघाले तर या हंगामात मात्रा जास्त झाली किंवा उशिरा दिली गेली, आणि शरदातील हप्ता गाळायला हरकत नाही. हलक्या जमिनीत, विहिरी व झऱ्यांच्या आसपास, हे तपासणे अधिक गरजेचे आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. भरपूर नत्र दिलेले आणि नंतर पाण्याच्या ताणात सापडलेले गवत किंवा त्याची फूट जनावरांना घालण्यापूर्वीही नायट्रेटची तपासणी करून घ्यावी. ते खोडाच्या खालच्या भागात साठते आणि जास्त प्रमाणात असेल तर जनावर दगावू शकते.

पेंढा शक्यतो लवकर उचलावा, जेणेकरून ठोंबांपर्यंत प्रकाश पोचून नवे फुटवे जोमाने निघतील. शेवटची तपासणी सामूची. अमोनियमयुक्त खते व युरिया वर्षानुवर्षे वरून दिल्याने आम्लता वरच्या पातळ थरात साचते आणि ३० सेंटीमीटरच्या मिश्र नमुन्यात ती लपून राहते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी ० ते ५ सेंटीमीटर थराचा वेगळा नमुना घ्यावा. त्याचा सामू ५.५ च्या खाली गेला असेल तर चुना द्यावा. चुना हळूहळूच खाली उतरतो, म्हणून तो काढणीनंतर लगेच द्यावा आणि त्यावर युरिया टाकू नये, कारण ताज्या चुन्याच्या संपर्कात त्यातील अमोनिया अधिकच वेगाने उडतो. दोन्हींमध्ये निदान एक चांगला पाऊस होऊन जाऊ द्यावा.